सोडायचं कधी, हे कोण ठरवणार?

ऑगस्ट 1968 मध्ये एकामागून एक खून करणारा रामन राघव पकडला गेला, तोवर मुंबईच्या उत्तर उपनगरांची झोप उडालेली होती. वस्त्यांमधली पोरं रात्री काठ्या घेऊन गस्त घालत होती. त्याने मारलेले बहुतेक जण फुटपाथवर किंवा कच्च्या झोपडीत झोपणारे होते. ज्यांच्या दाराला आतून कडी होती, त्यांना या माणसापासून फारसा धोका नव्हता. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हणताना ती कुणाची, हे लक्षात ठेवायला हवं. दोन वर्षांपूर्वी, 1966 मध्ये, पोलिसांनी त्याला संशयावरून ताब्यात घेतलं होतं आणि पुरावा नव्हता म्हणून सोडलं होतं. ते कायद्याला धरूनच होतं. पुढे काय घडलं हे माहीत असूनही मला तसंच म्हणावंसं वाटतं, कारण नुसत्या संशयावर माणसं डांबायची मुभा दिली, तर पहिले डांबले जातील ते याच फुटपाथवरचे.

रामन राघवने गुन्हे कबूल केले, पण खटला सोपा झाला नाही. पोलीस सर्जनने त्याला काही दिवस निरीक्षणाखाली ठेवून त्याचं डोकं ठिकाणावर असल्याचं मत दिलं. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं ते वेगळंच: याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आपण माणूस मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते गैर आहे, बेकायदा आहे हे कळत नव्हतं. त्याच्या मनात दोन जगं होती, एक ‘कानून’चं आणि दुसरं तुम्हीआम्ही राहतो ते. सत्र न्यायालयाने 1969 मध्ये त्याला फाशी सुनावली. अपील करायला त्याने नकार दिला. तरीही फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा भेटून मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष दिला की माणूस मनोरुग्ण आहे, बरा होण्याची शक्यता नाही. फाशीची जन्मठेप झाली ती 1987 मध्ये. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या आजाराने वारला, तेव्हाही तो येरवड्याचा कैदीच होता.

इथे एक गाठ सुटत नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 84, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम 22, एकच गोष्ट विचारतं: कृत्य करताना, त्या क्षणी, मनाच्या विकलतेमुळे आरोपीला कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा असल्याचं कळण्याची क्षमता नव्हती का? ही कसोटी इंग्लंडमधल्या 1843 च्या मॅक्नॉटन प्रकरणातून आली. नुसता आजार असून भागत नाही. आजाराने समज हिरावून नेली होती, हे दाखवावं लागतं आणि तो भार आरोपीवर असतो. बचाव पक्षाच्या डॉक्टरांचं म्हणणं मान्य झालं असतं, तर रामन राघव कायद्याने निर्दोष ठरला असता. तसं झालं नाही. आजाराने त्याची फाशी टळली, पण दोष कायम राहिला.

निर्दोष ठरला असता तरी तो मोकळा फिरला असता, असं मात्र नाही. हा गैरसमज घरोघरी आहे आणि न्यायालयांवरचा बराचसा राग त्यातूनच येतो. मनोविकलतेमुळे सुटलेल्या आरोपीला सुरक्षित ताब्यात ठेवायची किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करायची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 335 मध्ये होती. नव्या संहितेतही ती आहे. पण त्या ताब्याला शेवटची तारीख नाही. शिक्षा झालेला कैदी भिंतीवर दिवस मोजू शकतो. या माणसाला मोजायलाही काही नसतं.

आसामच्या माचांग लालुंग यांचं आयुष्य असंच गेलं. 1951 मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपाखाली ते पकडले गेले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. 1967 मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं, पण खटला चाललाच नाही. ते सुटले 2005 मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं! त्यांच्यापासून कुणाला धोका आहे का, हे तपासायचं काम कुणाच्याच टेबलावर नव्हतं. धोका ठरवणारी, ठरावीक मुदतीने पुन्हा बघणारी यंत्रणा नसेल तर रुग्णाचे हक्क जातातच, शिवाय समाजही सुरक्षित होत नाही, कारण खरोखर धोकादायक माणूस आणि विसरलेला माणूस एकाच गजाआड एकसारखे दिसू लागतात.

कॅनडात अशा आरोपीचं प्रकरण पुनरावलोकन मंडळापुढे साधारणपणे दर वर्षी येतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केलं की समाजाला ठोस धोका दिसत नसेल, तर त्याला पूर्णपणे सोडलंच पाहिजे. नुसती भीती पुरेशी नाही. अशा निर्णयावर सही करणं डॉक्टरांना जड जातं, आणि ते समजण्यासारखं आहे. भविष्यातल्या हिंसेचा अंदाज मानसोपचारातही कच्चाच असतो. आजाराच्या नावापेक्षा आधीची हिंसा, दारू आणि तुटलेले उपचार जास्त सांगून जातात. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार खातात. रामन राघवच्या नावाने त्यांना मोजणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

आपल्याकडे काहीच हललेलं नाही, असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 103 नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी. महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी टाळण्याचं कारण ठरू शकतो. त्या माणसाने दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून केला होता. त्याची फाशी रद्द झाली, पण आयुष्यभराची कैद राहिली, आणि त्याच्या उपचारांचं बघा असं राज्य सरकारला सांगितलं गेलं. त्या मुलींच्या घरच्यांना हे पटलं नसेल तर त्यांना बोल लावता येणार नाही. तरीही मला हा निकाल बरोबर वाटतो: आपल्याला का मारलं जातंय हे ज्याला उमगत नाही, त्याला फासावर देऊन शिक्षा होत नाही. समाजाचं रक्षण ती कैद करतेच.

अडतं ते पुढच्या पायरीवर. डॉक्टरांनी ‘बरा आहे’ लिहिलं तरी न्यायला कुणी येत नाही. गुन्ह्याचा शिक्का बसलेल्याची गोष्ट सोडाच, ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही असे बरे झालेले रुग्णही मनोरुग्णालयांत पडून राहतात. महाराष्ट्राने अशा काहींना भिक्षेकरी गृहांत हलवलं, तेव्हा 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ताबडतोब थांबवायला लावलं. त्यांना मधल्या टप्प्यावर राहता येईल, औषधं चुकली तर कुणाच्या तरी लक्षात येईल, अशी घरं हवीत. ती उभी राहिली, तर सुटकेच्या कागदावर सही करणाऱ्या डॉक्टरचा हात कमी थरथरेल आणि फुटपाथवर झोपणाराही थोडा निर्धास्त झोपेल.