उजनीच्या गाळावर लाँचची दुरुस्ती

उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेला की करमाळ्याकडच्या कुगावच्या काठचं पाणी मागे हटतं आणि भेगाळलेला गाळ उघडा पडतो. लाँच दुरुस्तीला हीच जागा. बोटीला वायररोप बांधायचा, खाली लाकडी ओंडके सरकवायचे आणि ट्रॅक्टरनं ती वर ओढून घ्यायची.

१९८० साली धरण पूर्ण झालं आणि करमाळा नि इंदापूर तालुक्यांच्या मधे यशवंतसागर जलाशयाचा फुगवटा आडवा आला. सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळं पलीकडे. टेंभुर्णीवरून मोठा वळसा घालण्यापेक्षा कुगावचे लोक लाँचनं पलीकडच्या कळाशीला उतरत. मोटारसायकलीही फळीवरून चढवत.

ही दुरुस्ती मी जवळून पाहिली ती २०२४ च्या आधीच्या एका उन्हाळ्यात. मिस्त्री आधी हातोडी घेऊन बुडाखाली आडवा झाला आणि वीत-वीत पत्रा ठोकत गेला. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथं खडूची फुली. फुलीपुरता पत्रा गॅसनं कापून नवं ठिगळ वेल्डिंग केलं. खरी परीक्षा त्यानंतर. सांध्यावर बाहेरून चुना फासून तो वाळू दिला आणि आतून डिझेल लावलं. थोड्या वेळानं पांढऱ्या चुन्यावर मोहरीएवढा काळपट ठिपका उमटला. पाणी दिसण्याआधीच छिद्र सापडलं! वेल्डरनं तेवढा सांधा घासून पुन्हा भरला. मग रेड ऑक्साईड आणि रंग.

पंख्याच्या शाफ्टचं काम पाण्यात गेल्याशिवाय पुरं होत नाही. शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमध्ये ग्रीस लावलेली दोरी भरतात. ती फार आवळली तर शाफ्ट तापतो, सैल राहिली तर बोटीत पाणी साठतं. शाफ्ट फिरताना अधूनमधून एखादा थेंब पडला पाहिजे. मिस्त्री नट पाव-पाव फेरा फिरवत त्या थेंबाची वाट पाहत होता.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून मला वाटतं, आपण गळतीची जेवढी काळजी घेतो तेवढी तोलाची घेत नाही. पत्रा कितीही शाबूत असो, उभी माणसं आणि उंचावर ठेवलेल्या मोटारसायकली वजन वर नेतात. वळवाचा वारा अशी बोट बाजूवर घेतो. रंग देतानाच दोन्ही अंगांना ठळक पट्टा मारावा आणि तो पाण्याखाली जाईल एवढा भार भरूच नये. वारा सुटला की पट्टा दिसत असला तरी बोट काठालाच बांधावी. लाईफ जॅकेट अंगात असावं, फळीखाली नव्हे.

ह्या फुगवट्यावर आता शिरसोडी–कुगाव पूल मंजूर झाला आहे. तो उभा राहिल्यावरही मासेमारीच्या बोटी ह्याच पाण्यात असतील. त्यांच्यावरही हा पट्टा हवा, आणि तो पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता मारता येतो.