मोटारीची थरथर : दोष इंजिनाचा कीं चाकांचा ?

गोराईची भाजी मोटारीनें बोरीवलीस आणावयाची म्हणजे खाडीमुळें उत्तन, भाईंदर असा वळसा घालावा लागतो. गांवांतून सुरळीत निघालेली गाडी दहिसरपुढें द्रुतगति मार्गावर थरथरूं लागली, कीं मालकाचें लक्ष प्रथम इंजिनाकडे जातें आणि तें उघडण्यांत पैसा व्यर्थ जातो. थरथर कोठली, हें आधीं ठरविलें पाहिजे. त्यास हत्याराची गरज नाहीं.

गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक लावून, गिअर मोकळा ठेवावा व इंजिनाची गति हळूहळू वाढवावी. उभ्या गाडींतही थरथर भासली तर दोष इंजिनांत किंवा त्याच्या बैठकींत आहे. उभी असतां शांत, पण विशिष्ट वेग गांठतांच कांपणाऱ्या गाडींत दोष बहुधा चाकांचा असतो.

ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. सुमारें २ मीटर परिघाचें चाक तेवढ्यांत १० वेळां फिरतें. रिमच्या आंतल्या अंगास शेतांतला चिखल सुकून बसला, तर एका बाजूस वाढलेलें तें थोडें वजनही स्टिअरिंग हालविण्यास पुरतें. पावसाळ्यांत हें फार घडतें. चाकें धुवावीं, टायरला फुगवटा आला आहे काय तें पाहावें, मग बॅलन्सिंग करून घ्यावें. नट ढिले असल्यास मात्र गाडी पुढें नेऊंच नये. चाक निखळलें तर प्राणाशीं गांठ आहे. ब्रेक दाबतांनाच थरथर येत असेल तर ब्रेकची तबकडी, गाडी निघतांना येत असेल तर क्लच तपासावा.

इंजिनाच्या थरथरीचें मुख्य कारण म्हणजे एखाद्या सिलिंडरांत इंधन न पेटणें. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांत चार ठोके पडतात. मिनिटास ८०० फेऱ्या असतां एक सिलिंडर निकामी झाला, तर मिनिटास ४०० ठोके चुकतात. जोडींतला एक बैल लंगडावा तशी गाडी हिसके देते. पेट्रोलच्या गाडींत प्लग वा कॉइल, डिझेलच्या गाडींत इंजेक्टर वा नळींत शिरलेली हवा, हीं नेहमींचीं कारणें. पेट्रोलची गाडी तशीच दामटल्यास न जळलेलें इंधन धुराच्या नळींतील उत्प्रेरकांत जाऊन पेटतें व तो महाग भाग नासतो.

ठोके बरोबर पडूनही गाडी कांपत असेल तर इंजिनाखालचीं रबरें पाहावीं. शेजारच्या कांदिवलीस बांधलेले महिंद्र ट्रॅक्टर वाचकांस परिचित आहेत. ट्रॅक्टरचें इंजिन सांगाड्याचाच भाग म्हणून घट्ट जखडलेलें असतें. त्याची थरथर स्वाभाविक समजावी. मोटारीचें इंजिन रबरावर बसविलेलें असतें. तेल गळून रबर फुगलें वा चिरलें, कीं थरथर थेट आसनापर्यंत पोहोंचते. गळती न थांबवितां रबर बदललें, तर नवेंही लवकरच तसेंच होतें.