महापुरानंतरची सेवा

२०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हा २०२१ च्या जुलैंत पंचगंगेनें धोक्याची ४३ फुटांची रेषा ओलांडली. दुसऱ्या खेपेस पन्हाळगडाचा रस्ताही खचला. १८५२ पासून मिशनचें कार्य पाहिलेल्या कोल्हापुरांत ख्रिस्ती मंडळ्यांतील तरुणांनीं साहाय्यास धांवावें, हें स्वाभाविकच. पण नुसता उत्साह घातकही ठरतो. तलाठ्याच्या पंचनाम्यापूर्वीं भिजलेलें सामान उकिरड्यावर गेलें, कीं घरधन्याच्या नुकसानीचा पुरावाच गेला! म्हणून शिकवण पावसाळ्यापूर्वींच व्हावी. घरांत शिरण्याआधीं मेनस्विच बंद आहे ना, तें पाहावें. गाळ वाळून घट्ट होण्यापूर्वीं खोऱ्यानें ओढावा. पायांत गमबूट हवेतच, कारण लेप्टोचा ज्वर घाण पाण्यांतून जखमेवाटे शिरतो. याहून अवघड धडा निराळाच: घरधनीण चिखलांतली जुनी पेटी उचलूं देत नसेल, तर फावडें बाजूस ठेवून थांबावें.