धाप नाही, तरी ऑक्सिजन कमी

"मला काही झालं नाही, उगं दवाखान्यात नेऊ नका." गेवराईकडच्या घराघरांत हे बोल आम्ही ऐकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला दुखणे अंगावर काढायची सवयच जडते. फडात खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. 2021 च्या एप्रिलात टोळ्या गावी परतत होत्या आणि कोरोनाची दुसरी लाट भरात होती. त्या दिवसांत ही सवय जीवावर बेतणारी होती. माणूस बसून बोलतो आहे, चहा पितो आहे आणि बोटाचे यंत्र 80-85 दाखवते आहे, असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले.

असे का व्हावे? धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. या आजारात फुप्फुसाचे काही भाग निकामी होतात, तिथे रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही; कार्बन डायऑक्साइड मात्र उरलेल्या भागांतून बाहेर पडत राहतो. मेंदूला वर्दीच पोचत नाही.

म्हणून बोटाचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर. 2020 च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई हाच घेऊन दारोदार फिरल्या होत्या. आधी थोडे स्वस्थ बसावे, गार हात चोळून ऊब आणावी, नेलपॉलिश किंवा मेंदी लावलेले बोट टाळावे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. सावळ्या कातडीवर यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे आपण विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. कालचा 97 आज 94 झाला, तर तीही खूणच समजावी.

आकडा बरा असेल तर घरातच, सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावा. साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरेत. दमेकऱ्यांनी मात्र हे करू नये. चालल्यावर आकडा 93 च्या खाली आला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, तर दवाखाना गाठावा. बसल्या जागी 94 च्या खाली असेल तर चालून पाहूच नये, सरळ 108 ला फोन लावावा. ही गाडी फुकट येते.

गाडी येईपर्यंत पालथे झोपवले तर फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागाला हवा मिळते. जेवणानंतर तासभर आणि गरोदर बाईला असे झोपवू नये. आणि दुकानातून मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या आणू नयेत. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला त्या तारतात; ज्याला लागत नाही त्याला त्यांचा फायदा नाही, उलट साखर वाढते.

म्हातारे "काही होत नाही" म्हणाले, तरी बोट पुढे करायला लावावे. रागावतील थोडे.