चिनी मातीचा झुमका

कारंजा (घाडगे)च्या बाजारात टेराकोटाचा आणि चिनी मातीचा झुमका शेजारी दिसला, तर मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. टेराकोटा तो पिऊन टाकेल. अस्सल चिनी मातीवर, म्हणजे पोर्सिलिनवर, थेंब तसाच राहील.

सगळी करामत भट्टीची. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजले, की फेल्डस्पार वितळून काच बनते आणि छिद्रे बुजवते. मुलाइटचे सुईसारखे स्फटिक बळकटी देतात. पातळ पाकळीतून उजेड झिरपतो, तो या काचेमुळे. झिलई लावलेला मणी भट्टीत नुसता ठेवला तर खाली चिकटून बसेल, म्हणून तो उष्णता सोसणाऱ्या तारेत ओवतात. सोनेरी रेघ सर्वांत शेवटी, कमी आचेवर. घाई केली की सोने गेलेच!

चीनने शतकानुशतके जपलेली ही विद्या युरोपात १७१० साली माइसेनच्या कारखान्यात रुजली. आपल्याकडे तेर या गावी सातवाहनकाळातल्या केओलिनच्या स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. त्या पोर्सिलिनच्या नव्हेत, पण त्यांच्या अंगावरचे दागिने बघत राहावेत असे.

झुमका हलका, रंग न उडणारा. पडला तर मात्र फुटतो. निकेलची ॲलर्जी असेल तर कानातला आकडा कोणत्या धातूचा, हे आधी विचारावे.