पावतीवरचा कोड लागत का नाही?



आपल्या ऊस नोंदीच्या पावतीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट छापलेली असते. मोबाइलच्या ॲपने ती वाचली की सभासद क्रमांक, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख आपोआप भरली जाते. वाचली नाही तर चिटबॉय आकडे हाताने भरतो. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की एकाचा आडसाली ऊस दुसऱ्याच्या नावावर चढतो, तोडणीचा क्रम बिघडतो आणि मग फडात उभा ऊस वाळताना पाहणे नशिबी येते. म्हणून हा विषय लहान समजू नये.

"साहेब, मोबाइल चांगला वीस हजारांचा आहे, तरी कोड लागत नाही," असे आम्हाला गावोगाव ऐकावे लागते. मोबाइलचा दोष क्वचितच असतो. उसाला जशी जात असते तशी फोटोलाही असते, आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो.

पट्ट्यांचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पुड्यावर. आपल्या पावतीवरचा चौकोनी क्यूआर कोड १९९४ सालचा. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केला.

कोड वाचताना ॲपला रंगाशी कर्तव्य नसते. काळे कुठे संपले आणि पांढरे कुठे सुरू झाले, एवढेच त्याला हवे असते. कॅमेरा चालू असताना येणाऱ्या चित्रात बहुधा उजेडाची नोंद वेगळी व रंगाची वेगळी असते. ६४० बाय ४८० चे चित्र घेतले तर त्यात ३,०७,२०० ठिपके, आणि उजेडासाठी तेवढेच बाइट. त्याचे लाल, हिरवा, निळा असे रूपांतर केले की ९,२१,६०० बाइट होतात, आणि कोड वाचायला पुन्हा त्याचे काळे-पांढरे करावे लागते. हे म्हणजे फडातला ऊस थेट गव्हाणीत न टाकता आधी घरी उतरवून परत गाडीत भरण्यासारखे झाले! तेव्हा पावती हातात असेल तर आधी फोटो काढत बसू नये, ॲपचा कॅमेरा सरळ कोडावर धरावा.

खरी अडचण साठवलेल्या फोटोची. जेपेग जातीचा फोटो आठ बाय आठ ठिपक्यांचे वाफे पाडतो आणि प्रत्येक वाफ्यातला बारीक तपशील कमी करून जागा वाचवतो. माणसाचा चेहरा त्याने बिघडत नाही, पण कोडाच्या कडा पुसट होतात. तोच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तो आणखी लहान होतो. मुलाने पुण्याहून पाठवायचा, तो भावकीतल्या एकाने पुढे ढकलायचा, त्याचा कोणी पुन्हा फोटो काढायचा. मग कोड कसा लागावा? पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा पोचतो.

पीएनजी जातीत तपशील गळत नाही. पण बिघडलेल्या जेपेगचे पीएनजी केल्याने गेलेले परत येत नाही. चिपाडाची मोळी बांधली म्हणून काही तिचा ऊस होत नाही.

आयफोनवाल्यांचे निराळेच. २०१७ पासून त्यात हीक नावाची जात आली. ती जागा कमी घेते, पण काही ॲपना उघडता येत नाही. अशा फाइलच्या नावापुढे नुसते जेपीजी लिहून भागत नाही. पोत्यावरचा छाप बदलल्याने युरियाचे डीएपी होते काय? सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल एवढे केले की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात.

कोडाला थोडी माती लागली तरी चालते, कारण छापतानाच त्यात दुरुस्तीची सोय असते: सर्वांत कमी पातळीला सुमारे ७ टक्के, सर्वांत जास्त पातळीला ३० टक्के. मात्र भोवतालची पांढरी कड कापू नये. चारी बाजूंना किमान चार ठिपक्यांएवढी कोरी जागा लागते. काट्यावरची पावती थर्मल कागदाची असेल तर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये, उष्णतेने ती सगळीच काळी पडते.

एवढे करूनही कोड लागला नाही तर मूळ पावती घेऊन गट ऑफिसला यावे. नोंद आपल्यासमोर भरून घ्यावी आणि गट नंबर स्वतः वाचून पाहिल्याशिवाय उठू नये.