‘नभ’ आणि ‘नेबो’ : सारखे शब्द, सारखे व्याकरण

आकाशाला रशियन भाषेत ‘नेबो’ म्हणतात. आपले ‘नभ’ चटकन आठवते आणि वाटते, हा शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला असणार. असे दावे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. खरी गोष्ट निराळी आहे, आणि आम्हांला ती अधिक मोलाची वाटते.

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या स्लाव्हिक भाषा एका जुन्या भाषेतून निघाल्या. अभ्यासक तिला आद्य-स्लाव्हिक म्हणतात. ती कोणी लिहून ठेवली नाही. स्लाव्हिक लेखन 9व्या शतकात सुरू झाले. म्हणून वंशज भाषांची तुलना करून तिचे शब्द पुन्हा उभे केले जातात. अशा शब्दापुढे तारांकन देतात: *नेबो.

या नामाचे व्याकरण पाहू. ते नपुंसकलिंगी. प्रथमेचे एकवचन *नेबो, षष्ठी *नेबेसे, प्रथमेचे अनेकवचन *नेबेसा. प्रथमेच्या एकवचनात न दिसणारा ‘स’ इतर रूपांत दिसतो. संस्कृतातही तसेच: नभः, नभसः, नभांसि. मूळ प्रातिपदिक ‘नभस्’ सकारान्त आहे.

उसना शब्द सहसा घेणाऱ्या भाषेच्या नियमांनी चालतो. इथे मात्र लिंग, अंत्य ‘स्’ आणि रूपे चालवण्याची रीत, सारेच जुळते. म्हणून हे शब्द एकमेकांकडून घेतलेले नसून भावंडे आहेत. दोघांचा पूर्वज आद्य भारत-युरोपीय *नेभोस्. अर्थ ढग, धुके. ग्रीक ‘नेफोस’चा अर्थही ढग. संस्कृतात मूळच्या ए-ओ स्वरांचा ‘अ’ झाला, ‘भ’ टिकला. स्लाव्हिकमध्ये ‘भ’चा ‘ब’ झाला. हे बदल एकट्या शब्दापुरते नाहीत, नियमाने होतात.

आजच्या रशियनमध्ये षष्ठी ‘नेबा’ झाली, ‘स’ गळाला. पण अनेकवचनात ‘नेबेसा’ राहिले, आणि ‘आकाशाचा’ या अर्थी ‘नेबेस्नी’ हे विशेषण.

आपल्याकडेही असेच घडले आहे. मराठीत आपण तेज, यश, तप म्हणतो. ‘स्’ कुठेच नाही. पण विशेषण करताच तो परततो: तेजस्वी, यशस्वी, तपस्वी. घरातल्या मुलांनी ‘तेजवी का नाही?’ असे विचारले, तर हे उत्तर त्यांना जरूर सांगावे. सोबत ‘नेबो–नेबेसा’ही सांगावे. आपली भाषा सर्वांची आई आहे, असे म्हणण्यापेक्षा ती एका मोठ्या घरातली आहे हे दाखवता येणे अधिक चांगले.